लाल घळीतला मेलेला पोरगा

यास्ना कांपियायचं डोकं त्या दिवशीही सकाळी नऊलाच फिरलं. सान्तियागोहून आलेली एक बाई जांभळ्या फुलांत उताणी पडली होती आणि तिचा नवरा आणखी चार पावलं आत घुसून तिचे फोटो काढत होता. यास्नाने उठायला सांगितलं तर बाई म्हणाली, एवढा डोंगर भरून फुलं आहेत पोरी, दोन दबली तर काय बिघडलं?

"तुमच्या घरी येऊन बूट घालून गादीवर लोळू का मी?" यास्नाने विचारलं.

बाई उठली. नवऱ्याने जाता जाता विचारलं की तुझा साहेब कोण. यास्नाने पार्कच्या झोपडीकडे बोट केलं आणि तोंड फिरवलं.

सहा वर्षं या वाळवंटात ढेकूळ ओलं झालं नव्हतं. यंदाच्या हिवाळ्यात दोनदा पाऊस झाला आणि सप्टेंबर उजाडला तशी सगळी माळरानं पेटल्यासारखी फुलली. बातमी टीव्हीवर गेली. त्यात अठरा तारखेच्या स्वातंत्र्याच्या सणाच्या सुट्ट्या आल्या, मग काय, गाड्यांची रांग पार समुद्रापर्यंत. पार्कात रखवालदार एकच, सेवेरिनो काका. त्यांनी हंगामापुरती गावातली पोरं घेतली, त्यात यास्ना होती. वय सतरा. जूनमध्ये गणिताच्या सरांनी भर वर्गात तिला शेळ्यांच्या वासावरून काहीतरी ऐकवलं, तिने त्यांचं हजेरीचं पुस्तक खिडकीबाहेर भिरकावलं, आणि परत त्या शाळेचं तोंड पाहिलं नाही. आई म्हणायची, फुलं सुकली की कोपियापोला मावशीकडे जायचं, द्राक्षांच्या कारखान्यात. यास्नाला द्राक्षांच्या पेट्या भरायच्या नव्हत्या. तिला इथेच राहायचं होतं. सेवेरिनो काकांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: लाल घळ सांभाळ. बी धरेपर्यंत, म्हणजे अजून तीन आठवडे. सांभाळलीस तर पुढच्या वर्षी तुला कायम घ्या म्हणून मी स्वतः लिहीन.

लाल घळीत सिंहपंजा यायचा. दगडांच्या फटीतून सरपटत येणारी वेल आणि तिच्या टोकाला मुठीएवढा लालभडक झुबका. आख्ख्या जगात हे फूल या किनाऱ्याशिवाय कुठे नाही. यंदा घळीत चौदा वेली होत्या, यास्नाला एकेक पाठ. लोक वेली कंदासकट उपटून न्यायचे, घरच्या कुंडीत लावायचे आणि महिन्याभरात मारून टाकायचे. शेजारची घळ अशीच एका रविवारात साफ झाली होती. दोरी बांधली तर लोक दोरीवरून टांग टाकून जात. पाटी लावली तर पाटीजवळ फोटो काढत. एकदा एक म्हातारा खिशात चाकू आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन सापडला आणि वर तिलाच म्हणाला, कोणाच्या बापाचं आहे का हे.

तो म्हातारा सापडला त्या संध्याकाळी रागारागात तिने आनिमिता बांधली.

रस्त्याकडेला जिथे कोणी अपघाताने मरतं तिथे त्याच्या आत्म्यासाठी घर बांधतात, कुत्र्याच्या घराएवढं. यास्नाने माशांच्या पेटीच्या फळ्या घेतल्या, वाटेच्या दगडांना लावायचा उरलेला चुना फासला, वर दोन काटक्यांचा क्रूस ठोकला आणि ते घर बरोब्बर घळीच्या तोंडावर, वाट अडवून बसवलं. भोवती पांढरे दगड. नाव लिहिलं नाही, कारण नाव लिहिलं आणि त्या नावाचा कोणी खरंच मेला तर? तिचा हिशोब सरळ होता. आपली माणसं पार्कची दोरी ओलांडतील, पोलिसाला उलट बोलतील, पण मेलेल्याच्या अंगावरून कोणी जाणार नाही.

आणि खरंच कोणी गेलं नाही. लोक यायचे, क्रूस बघायचे, टोपी काढायचे, मागे फिरायचे. पण आपली माणसं मेलेल्याला घाबरून लांब राहत नाहीत, त्याच्याकडे मागायला येतात. हे यास्नाला माहीत नव्हतं असं नाही. तिची आई हेर्मिंदा दर महिन्याला वळणावरच्या ट्रकवाल्याच्या आनिमितेला मेणबत्ती लावायची आणि शेळ्यांच्या दुधापासून भावाच्या दारूपर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायची. रागाच्या भरात यास्ना नेमकं तेवढं विसरली.

तिसऱ्या दिवशी पहिली मेणबत्ती आली. मग पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे गुलाब, कोणाचातरी बाळबूट. एम्पानादाच्या करंज्या विकणाऱ्या एका बाईचा गुडघा बरा झाला म्हणे, तिने नवसाची पाटीच आणून ठोकली. आणि सगळे यास्नाला विचारायचे, कोण होता गं हा? पहिल्यांदा ती म्हणाली, एक पोरगा. कसा मेला? मोटरसायकलवरून घसरला. इथला? नाही, उत्तरेकडचा. गाडी कसली? यास्नाची नजर घळीत होती, ती म्हणाली, लाल. रोज कोणीतरी विचारायचं आणि तिच्या तोंडून रोज एक नवीन गोष्ट निघायची. दाढी नुकती फुटलेली होती. एकटाच होता. दुसऱ्या दिवशी शेळ्या हाकणाऱ्याला दिसला. तिला ते जमत होतं, खोटं कशाला बोला, थोडी मजाही येत होती.

सेवेरिनो काका एकदा येऊन सगळं बघून गेले. ते या पार्कात पंचवीस वर्षं होते, कोण कुठे मेलं ते त्यांना तोंडपाठ. त्यांनी मिशी चावली, घळीतल्या वेली मोजल्या, चौदाच्या चौदा होत्या. मग म्हणाले की मला आज काही दिसलं नाही, डोळ्यांत वाळू गेलीय.

सुट्ट्या संपल्यानंतरच्या गुरुवारी, सान्तियागोची जोडी गेल्यावर तासाभराने, एक बाई मुख्य रस्त्यापासून चालत आली. पन्नाशीची, काळा स्वेटर, हातात कापडी पिशवी. फुलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ आनिमितेपाशी गेली, गुडघ्यावर बसली, पिशवीतून एका पोराचा फोटो काढला आणि आत, मेणबत्त्यांच्या मागे टेकवून ठेवला. मग फळीवर तळहात ठेवून बसून राहिली. रडली नाही. यास्नाला वाटलं, आणखी एक नवस.

बराच वेळ झाला तशी ती जवळ गेली. बाईने तिच्या अंगावरचं पार्कचं जॅकेट बघितलं आणि विचारलं की सगळ्यांना सांगते ती पोरगी तूच ना. तिचं नाव एदेल्मिरा होतं. उत्तरेकडच्या चान्यारलची. तिचा गामालिएल दोन वर्षांपूर्वी लाल मोटरसायकल घेऊन दक्षिणेला कामाला निघाला तो पोचलाच नाही. पोलिसांनी दोन महिने शोधलं, मग म्हणाले, मोठा आहे, पळून गेला असेल. रविवारी शेजारणीने तिला मोबाइलवर या आनिमितेचा फोटो दाखवला, खाली सगळी हकीकत लिहिलेली.

काकांनी बोलावलंय असं काहीतरी पुटपुटून यास्ना सटकली आणि झोपडीपर्यंत पळत गेली.

सेवेरिनो काकांनी ऐकून घेतलं. चहात साखर ढवळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की तू गप्प बस. तिचा पोरगा गेलाय हे तिलाही आत कुठेतरी कळतंय, तिला रडायला एक जागा मिळाली. घळीला पहारा मिळाला. तू आता खरं बोललीस तर दोन्ही जाईल, आणि कोणाचं काय भलं होणार आहे?

"आणि तो जिवंत असला तर?" यास्ना म्हणाली.

काका म्हणाले, दोन वर्षं, पोरी. या वाळवंटात.

परत येताना तिने गप्प बसायचं नक्की केलं होतं. खरंच केलं होतं. एदेल्मिरा तशीच बसली होती. यास्ना शेजारी उकिडवी बसली. बाईने तिच्याकडे न बघता विचारलं, "लगेच गेला का गं? की पडून होता? कोणाला हाका मारत होता का?"

आता यास्नाला नुसतं "लगेच गेला" म्हणायचं होतं. दोन शब्द. दोन आठवडे ती असे शब्द फुकट वाटत आली होती. तिला स्वतःचाच असा काही संताप आला की कानशिलं तापली.

"मावशी, इथे कोणी मेलेलं नाही. हे मी बांधलंय. लोक फुलं उपटतात म्हणून. पोरगा, गाडी, सगळं मी मनाने रचलं."

एदेल्मिराने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट डोळे बारीक झाले, बाजारात माप मारणाऱ्याकडे बघावं तसे. तिने विचारलं की हे बोलायला तुला कोणी पाठवलं. आत्ता पळत गेलीस ती कोणाकडे. यास्ना म्हणाली, कोणीही नाही, शप्पथ. बाई म्हणाली, लाल गाडी तुला स्वप्नात दिसली का? उत्तरेकडचा, दाढी फुटलेला, हे पण स्वप्नात? कोणीतरी ट्रकने उडवला त्याला, इथे आणून पुरला, आणि तुमच्या गावाला माहितेय.

यास्नाने तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितकी बाईची खात्री पक्की होत गेली. खोटं दोन आठवडे सगळ्यांना पटलं होतं आणि खरं एका माणसाला पटेना. एदेल्मिरा उठली, फळ्यांचं घर उचलून बाजूला ठेवलं, खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. वाटेवरची चारपाच माणसं थांबली. कोणीतरी मोबाइल वर धरला.

"तो बंद कर, नाहीतर दगड घालीन," यास्ना त्याच्यावर खेकसली. मग झोपडीमागून फावडं आणि पहार घेऊन आली.

ती कंबरेपर्यंत खणत गेली. वाळू, खडे, परत वाळू. एदेल्मिरा खड्ड्याच्या काठावर बसून प्रत्येक फावड्यात बघत होती. काही निघालं नाही. यास्नाने घाम पुसला आणि म्हणाली, बघितलंत? बाईने खड्ड्यात पाहिलं, मग मान वर करून घळीत पाहिलं. इतका वेळ जणू ती फुलं तिला दिसलीच नव्हती.

"तिथे," ती म्हणाली. "घळीत सगळा कोरडा दगड, आणि त्यातच एवढं लाल कसं?"

सिंहपंजा दगडातच येतो, त्याचा कंद हातभर खाली असतो, म्हणून. हे यास्नाने तोंडाने सांगितलं नाही. सांगून काय पटत होतं? बाईच्या बोटांची नखं तुटून रक्त आलं होतं. आता नाही म्हटलं असतं तर ती पोलीस घेऊन आली असती, नाहीतर रात्री एकटी येऊन उकरत बसली असती, आणि मरेपर्यंत तिला वाटलं असतं की आपला पोरगा त्या फुलांखाली आहे. यास्ना घळीत शिरली. पहिली वेल सगळ्यात मोठी, सात झुबक्यांची. तिच्या बुडाच्या दगडात तिने पहार घातली आणि सगळं वजन टाकलं.

वेल निघताना आवाजसुद्धा झाला नाही. खाली पांढरे कंद, बारक्या बटाट्यांसारखे, आणि त्याखाली कातळ. बाई म्हणाली, ती पलीकडची. यास्नाने ती काढली. कातळ. बाई म्हणाली, त्या कडेची. यास्नाला आता नीट दिसत नव्हतं, नाक वाहत होतं, पण तिने ती पण काढली. चौथ्या वेलीखाली पहार सारली तेव्हा एदेल्मिराने तिच्या मनगटाला धरलं.

"बास."

दोघी उन्हात बसल्या. बाईने एक कंद उचलून तळहातावर फिरवला आणि विचारलं, परत पुरला तर येईल का. यास्ना म्हणाली, नाही. बाईने तरी तो मातीत ठेवला आणि वर माती ओढली.

"रविवारी रात्रीपासून मी झोपत होते," ती म्हणाली. "चार रात्री. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले मी, आणि ते तू केलंस, आणि आत्ता तूच काढून घेतलंस."

यास्नाने माफी मागितली. तिला आठवत होतं तेव्हापासून तिने आईचीसुद्धा माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती नीट मागता आली नाही. बाईने ऐकलं की नाही कळलं नाही. ती बाजूला ठेवलेल्या फळ्यांच्या घरापाशी गेली, मेणबत्त्यांमागून फोटो काढला, त्यावर सांडलेलं मेण नखाने खरवडलं आणि चालायला लागली.

सेवेरिनो काका तोवर पोचले होते. ते ओरडले नाहीत. घळीत जाऊन त्यांनी बोटाने वेली मोजल्या, अकरा. परत पहिल्यापासून मोजल्या. मग खाली बसून उपटलेल्या वेली एकीवर एक नीट रचत बसले. यास्नाने काही न विचारता जॅकेट काढलं, घडी घालून दगडावर ठेवलं. फोटो काढणारी माणसं आता घळीच्या तोंडाशी आली होती. वाटेत घर नव्हतं, क्रूस नव्हता. एक जण खड्ड्याच्या कडेने आत शिरायला लागला तसे काका फावडं घेऊन उठले.

यास्ना बाईच्या मागे गेली. चान्यारलकडची बस चारला होती आणि बाईच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. वीसेक पावलं अंतर ठेवून ती चालत राहिली. रस्ता जवळ आला तशी बाई न वळता म्हणाली, "मागे येऊ नकोस."

यास्ना थांबली. गाड्यांची रांग पार्ककडे मुंगीच्या पावलाने सरकत होती, काचा खाली केलेल्या, आत गाणी लागलेली. एदेल्मिरा पहिल्या गाडीपाशी वाकली आणि फोटो खिडकीत धरला. ड्रायव्हरने बघितलं, बायकोला दाखवलं, दोघांनी माना हलवल्या. एदेल्मिरा मागच्या गाडीकडे गेली.