दोन काचांच्या मधलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी जोडकाच आहे. थकले आहे, म्हणून सावकाश सांगते. जोडकाच म्हणजे मध्ये बोटभर जागा सोडून बसवलेल्या दोन काचा. कारखान्यात माझ्या पोटात कोरडी हवा कोंडली, कडेला ओल शोषणारे दाणे भरले, चारी बाजू चिकट मसाल्यानं बंद केल्या. मग तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या चौकटीत माझा संसार सुरू झाला.

थंडी मी अडवली, गाड्यांचा कलकलाट अडवला. पण माझं खरं काम सकाळचं. घरातली आई कामाला निघाली की समोरच्या बसथांब्यावरून वर हात हलवायची. माझ्यावर नाक दाबून तिची लेक गुंडी हात हलवायची. आई दिसली की पोरगी मुकाट्यानं आजोबांकडून दूध प्यायची. नाही दिसली तर घर डोक्यावर घ्यायची.

एका पावसात माझ्या चौकटीच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून पाणी ठिबकत होतं. गुंडीच्या मामानं ते पाहिलं. "ताई, तुझी खिडकी गळतेय," म्हणत त्यानं छिद्रं सिलिकॉननं बुजवून टाकली. ताईनं कौतुकही केलं. अहो, ती छिद्रं पाणी बाहेर सोडायलाच होती! आता पाणी आतच साचलं. माझी कड भिजून भिजून सुटली, दाणे ओलीनं भरून गेले, आणि एका सकाळी माझ्या पोटात दव धरलं.

"आजोबा, पुसा ना."

आजोबांनी आतून पुसलं, बाहेरून पुसलं. "अगं, मधोमध आहे ते. तिथे माझा हात कसा पोचेल?"

"आई गेली?"

"गेली बाळा."

"मला न दिसताच?"

असं रोज चाललं. लोक मला घासत होते, दूषणं देत होते, आणि मी पांढरी ती पांढरीच. एके दिवशी गुंडी दार उघडून अनवाणी जिना उतरली आणि थेट रस्त्यात धावली. आईनं तिला गाडीपुढून ओढलं. त्या दिवशी आई कामावर गेलीच नाही.

काचवाला आला. मामा म्हणाला, "भोक पाडून सुकवलं तर?"

"सुकेल, पण कड सुटलीय, पुन्हा दव धरेल. चौकट धड आहे. नुसती काच बदलू."

मला उचललं तेव्हा चौकटीत तळं साचलेलं दिसलं. मामानं वाकून त्यात बोट बुडवलं. "ताई, हा प्रताप माझाच," म्हणाला, आणि त्यानं स्वतः बसून एकेक छिद्र खरवडून मोकळं केलं.

मित्रांनो, खिडकीच्या तळाची छिद्रं बुजवू नका. त्यांतली धूळ तेवढी काढत जा. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही.

आता मी बसथांब्यामागच्या भिंतीला टेकून भंगारगाडीची वाट पाहते आहे. आज सकाळी आई माझ्या शेजारीच उभी होती. वर नव्या काचेत एक चपटं नाक आणि एक हात. आई हात हलवत होती. तिची बस आली, दार उघडलं. आईनं ती बस जाऊ दिली.