बारावी वाटी

"हात लावलास तर बघ!" आत्या ओरडली.

आणि खरं सांगते, मी हात लावणार नव्हतेच. नुसती पुढे वाकले होते. कारण तिच्यासमोरचं पातेलं ओट्यावरून सरकत सरकत पार कडेला आलं होतं, आत अर्धा किलो मैदा, आणि माझी आत्या एका हाताने, तेही डाव्या, त्यात लोणी चोळत होती. उजवा हात नुसता लोंबत होता. पातेलं अजून दोन बोटं सरकलं असतं की संपलंच होतं सगळं.

"अगं पडेल ते!"

"पडलं तर पडलं. परत भरेन. तू त्या स्टुलावर बस. हाताची घडी, तोंडावर बोट. बाबाला काय शब्द देऊन आलीयस?"

तोंडावर बोट! मला! आमच्या घरात मला टकळी म्हणतात. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आख्ख्या खानदानाला माहीत, आणि तरी त्या रविवारी बाबांनी मलाच पाठवलं. देखरेखीला. अट एकच, आत्याला कसलीही मदत करायची नाही. एक चमचासुद्धा उचलून द्यायचा नाही.

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझी आत्या तीस वर्षं पार्सलच्या काउंटरला होती. लोकांनी खोकं पुढे केलं की काट्यावर ठेवायच्या आधीच ती उजव्या हाताने तोलून वजन सांगायची, आणि काटा नंतर मान डोलवायचा. त्याच हाताने ती दर रविवारी टार्ट करायची. लोण्याची खुसखुशीत पारी, आत सफरचंदाचं सारण. घरात वजनकाटा नाही. कशाला हवा? पिठाचा गोळा तोडायची, तळहातावर उडवायची, झालं. बाराचे बारा गोळे सारखे.

बारा, कारण तिच्या ट्रेला बारा वाट्या. आणि प्रत्येक वाटीला मालक! तिचा ओव्हन जुना, मागच्या बाजूला तापट आणि दारापाशी थंड. दुसऱ्या कोणी तो बदलला असता. आत्याने काय केलं, माणसं त्याच्यावर बसवली. मागच्या डाव्या कोपऱ्यातली वाटी बाबांची, त्यांना जवळजवळ करपलेलं आवडतं. मधल्या दोन आईच्या आणि माझ्या. पलीकडे काउंटरवरच्या जुन्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरचा घड्याळजी, असे एकेक. आणि दाराजवळचा शेवटचा कोपरा, सगळ्यात मऊ, सगळ्यात फिका, तो मशीनमावशीचा. कारण तिला कवळी.

मशीनमावशी म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. शिवणाचं मशीन भिंतीला लावून बसायची, त्यामुळे आत्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर खडखड खडखड. ट्रे बाहेर निघाला की आत्या चिमट्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. खडखड थांबायची. मिनिटभरात मावशी दारात. "अगं, आज रंग चढलाय जरा, माझी कवळी तुझ्या घरी राहणार बघ!" दर रविवारी हेच. वीस वर्षं.

मग आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात बराच सुधारला, हात काही हलेना. आणि ती हॉस्पिटलात असतानाच, एका दुपारी, मशीनमावशी मशीनवरच बसल्या बसल्या गेली.

डॉक्टर म्हणाले, सध्या पेशंटला धक्का नको. आईने सांगितलं, "मावशी लेकीकडे गेल्यात, राहतील दोन-तीन महिने." आणि हे गुपित सांभाळायला घरात कोण कोण? तर मी पण. बघा म्हणजे!

आत्या घरी आल्यावर बाबांनी खोकी आणली. कोरी, पुठ्ठ्याची, आठ. म्हणाले, "ताई, आता एकटं राहणं बास. आमच्याकडची खोली रिकामी केलीय. सामान बांधू."

आत्या म्हणाली, "मी इथेच राहणार."

"एका हाताने?"

"माणसं एका डोळ्याने बघतात."

"ताई, उगाच शब्दाला शब्द नको. उद्या चहा करताना भाजलीस म्हणजे?"

आत्याने एक खोकं पायाने बाजूला सारलं. मग म्हणाली, "रविवारी माझा ट्रे मी एकटी भाजते. कोणी बोट लावायचं नाही. जमलं तर ही खोकी घेऊन जा. नाही जमलं तर मीच त्यात बसते, ने मला."

"बाराचे बारा, नेहमीसारखे," बाबा म्हणाले. त्यांना माहीत होतं जमणार नाही. आत्या तोवर ओट्याकडे वळली होती.

तर अशी मी त्या स्टुलावर. पोटात मशीनमावशी, तोंडावर बोट.

आत्याने पातेलं थांबवलं. म्हणजे कसं, तर फडकं ओलं केलं, दातात धरून पिळलं, पातेल्याखाली सारलं. पातेलं चिकटून बसलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून पातेल्याच्या काठावर ठेवला, वजन म्हणून.

"बस इथं," ती हाताला म्हणाली. "काम नको करूस, नुसती हजेरी लाव. आमच्या ऑफिसात असे चारजण होते."

मी हसले, तर लगेच, "आवाज!"

सफरचंदं तिने सोललीच नाहीत. अख्खी उकडली. गार झाल्यावर चिमटीत धरून दाबलं की साल आपोआप सुटून हातात. मी चाट पडले, इतकी वर्षं आम्ही वेड्यासारखे सोलत का होतो? लिंबू कापायला गेली तर ते घरंगळलं, जमिनीवर गेलं. मी पाय पुढे केला अडवायला. तिने बघितलं. मी पाय मागे घेतला. ती भिंतीला धरून खाली बसली, लिंबू उचललं, उठताना दोनदा परत बसली. तिसऱ्यांदा उठली. तुम्हाला सांगते, नुसतं बघत बसणं हे जगातलं सगळ्यात दमवणारं काम आहे.

मग आले गोळे. मला वाटलं, इथं फसणार. वजन उजव्या हातात होतं ना! तिने पहिला गोळा तोडला, डाव्या तळहातावर ठेवला, डोळे मिटले. चिमूटभर काढला. दुसरा तोडला. थोडा वाढवला. आणि भराभर सारखे पडायला लागले, आधीसारखेच! तेव्हा माझ्या लक्षात आलं. आठवडाभर मी आले की ती साबणाच्या वड्या हातात घेऊन बसलेली असायची. शंभर ग्रॅमची, पंचाहत्तरची. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, आत्या साबणाशी खेळते गं. आई पदराने डोळे पुसत बसली होती. आणि ही तिकडे डाव्या हाताला पार्सल खात्यात भरती करून घेत होती!

एकेक गोळा वाटीत टाकून अंगठ्याने दाबत दाबत तिने पारी बसवली. मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात. बाबा, मग काउंटरवाल्या, मग आई, मी, घड्याळजी... सारण भरलं. अकरा झाले. आणि ती हात धुवायला मोरीकडे वळली.

बारावी वाटी रिकामी.

मशीनमावशीचा कोपरा. पातेल्यात पीठ शिल्लक, सारण शिल्लक. विसरली! बोलू, तर मदत केल्यासारखं. गप्प बसू, तर बाबा अकरा मोजणार आणि खोकी उघडणार. आणि बोलायचं तरी काय? "आत्या, मशीनमावशीचा राहिला"? ते नाव माझ्या तोंडून निघालं असतं तर पुढचं सगळं निघालं असतं, मला माझी खात्री आहे ना.

मी उठले. नळ चालू होता. पातेल्यातलं उरलेलं पीठ घेतलं, वाटीत दाबलं, वर चमचाभर सारण. दहा सेकंद. परत स्टुलावर. हाताची घडी.

आत्या आली. ट्रेकडे बघितलं. माझ्याकडे नाही, फक्त ट्रेकडे. मग चमच्याने तो माझा टार्ट अलगद उकरून काढला, पातेल्यात टाकला, वाटी फडक्याने कोरडी पुसली. आणि तांब्यातून त्यात पाणी ओतलं. थोडंसं. दोन चमचे असेल.

"खोटं वजन मांडायचं नाही, टकळे," एवढंच म्हणाली.

पाणी! टार्टच्या ट्रेमध्ये पाणी! मला तर रडूच यायला लागलं. म्हटलं, झटका हातालाच नव्हता लागला. डोक्यालाही लागलाय, आणि आम्हाला कोणाला कळलंच नाही. बाबांचं बरोबर आहे. हिला एकटीला ठेवणं बरोबर नाही.

ओव्हनपुढे तिने बुटकं स्टूल ओढून ठेवलं होतं, अगदी ट्रेच्या उंचीचं. ट्रे स्टुलावर, तिथून कमरेने ढकलत आत. बाहेर काढतानाही तसंच, जाड फडकं धरून खेचला तो थेट स्टुलावर. उचलायचं कामच नाही. अर्ध्या वाटेत ट्रे तिरका झाला, पाण्याची वाटी हिंदकळली, चर्र आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अकरा टार्ट जागच्या जागी, आणि आत्या घामाने निथळत उभी.

चिमटा भिंतीवर टांगलेला होता. तिने तिकडे बघितलं. काढला नाही.

बाबा आले चार वाजता. बरोबर आई. खोकी कोपऱ्यात होतीच. बाबांनी ट्रे बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी तर चक्क आनंद आला, भावाचा हो, शुद्ध आनंद. मग बोटाने मोजायला लागले.

"अकरा आहेत, ताई."

"हो."

"बारा ठरले होते."

"तू ठरवले होतेस, बाळ्या."

पन्नाशीचे बाबा आणि बाळ्या! एरवी मी हसून लोळले असते. बाबांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले, आवाज एकदम मऊ. "ताई, रागावू नकोस. पण तू एक वाटी विसरलीस. आणि हे पाणी... हे काय आहे? आज वाटी विसरलीस, उद्या गॅस विसरशील."

"ट्रेची एक वाटी रिकामी राहिली तर तिथं ट्रे तापून वाकतो," आत्या म्हणाली. "म्हणून पाणी घालतात. वीस वर्षांत एकही वाटी रिकामी राहिली नाही, म्हणून तुम्ही कधी बघितलं नाहीत."

"मग रिकामी ठेवलीस कशाला?"

आत्याने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे.

"तिच्या खिडकीत चष्मा आहे," ती म्हणाली. "मी घरी आले त्या दिवसापासून तिथेच आहे. गॅलरीत उभं राहिलं की दिसतो. त्या चष्म्याशिवाय तिला स्वतःची कवळी सापडायची नाही. ती लेकीकडे जाईल?"

आईने तोंडाला पदर लावला.

"कधी गेली?"

"तू हॉस्पिटलात होतीस," बाबा कसेबसे म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यात. मशीनवर. त्रास नाही झाला काही."

"हं." तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. "तुम्ही सगळे इतकं जपून खोटं बोलत होतात. आणि ही टकळी महिनाभर गप्प! म्हटलं, पोरीचं पोट फुटेल एखाद्या दिवशी. पण तुमचं मन मोडवेना."

आता मात्र मी रडले. मोठ्याने. आत्या म्हणाली, "पुरे. टार्टवर गळेल."

बाबा उठले. मागच्या डाव्या कोपऱ्यातला आपला टार्ट उचलला. खाल्ला, उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून. पारीचा कुर्रकुर्र आवाज तेवढा येत होता.

"करपलाय," ते म्हणाले.

"तुला तसाच लागतो."

मग त्यांनी काय केलं माहितीय? कोपऱ्यात गेले आणि एकेक खोकं दुमडायला लागले. आठही. चपटी केली, सुतळीने बांधली, दाराबाहेर नेऊन ठेवली. आत येताना म्हणाले, "ते ओव्हनपुढचं स्टूल डुगडुगतंय. उद्या येऊन पायाला पाचर मारतो." आत्या म्हणाली, "मार. पण उंची बदलू नकोस."

सगळे टार्ट ज्याच्या त्याच्याकडे गेले. घड्याळजीचा मी पोचवला. परत आले तर आत्या मोरीपाशी ट्रे धूत होती, डाव्या हाताने, उजवा काठावर हजेरीला. मी स्टुलावर बसले. आता मदत केली असती तरी चाललं असतं, पण नाही केली.

बाराव्या वाटीतलं पाणी केव्हाच आटून गेलं होतं. तळाला एक पांढरी गोल रेघ उरली होती. आत्याने ती अंगठ्याने घासली. निघाली नाही. परत घासली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि ट्रे उपडा घालून ठेवला.