खुंटीवरचे बिल्ले

भीमाची बायको लंकाबाई भर दुपारी जालिंदरच्या दारात येऊन उभी राहिली. भीमा गेल्यापासून जालिंदर पाराकडं फिरकत नव्हता. विहारात गेलाच तर चपलांपाशी बसायचा आणि वंदना संपायच्या आत उठायचा. कधीकाळी याच मुकादमाच्या एका हाकेवर अख्खी टोळी ट्रकात चढायची.

"भावजी, कागद आलाय. वाचा."

कागद परमुलखातल्या त्या अणुवीज केंद्राचा होता. भीमा रक्ताच्या आजारानं गेला, त्याला सात महिने झाले होते. हे दुखणं तुमच्याकडच्या कामातनंच आलं, असा अर्ज लंकाबाईनं केला होता. त्याचं हे उत्तर.

"वैनी, त्येंनी लिवलंय, भीमाच्या बिल्ल्यावर काय बी नोंद न्हाई. शून्य."

"म्हंजी ते आत गेलंच न्हाईत?" तिचा आवाज चढला. "लोकं म्हणत्यात, दारूनं मेला. अवो, त्येस्नी गुळाचा चहा जादा झाला तरी वकायचं! तुमी हुता की मुकादम. तुमीच सांगा."

जालिंदरनं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

एक्क्याण्णव साली ऊसतोडीचा हंगाम सरल्यावर ठेकेदारानं टोळी तिकडं नेली. दुरुस्तीसाठी अणुभट्टी बंद होती. आत गळलेलं पाणी फडक्यांनी पुसून काढायचं होतं. साहेब त्याला जड पाणी म्हणायचे. भीमा हसायचा, "आमच्या लंकीच्या डोक्यावरच्या हंड्यापरीस जड व्हय रं?" भिंतीवर सुरक्षेच्या हातभर पाट्या होत्या, इंग्रजीत आणि हिंदीत. फडकं मारणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत दोन वाक्यं सांगावीत, एवढी अक्कल त्या शिकलेल्या गर्दीत एकालाही नव्हती. छातीवर एक बिल्ला लावला आणि सांगितलं, किरणांनी हा भरला की गडी घरी.

आठ दिवसांत छगनचा बिल्ला भरला. त्याला गाडीत बसवून दिलं. मजुरी बुडेल म्हणून बाकीचे बावरले. तेव्हा जालिंदरनं आपलं डोकं चालवलं. रानात वीज कडाडली की ऊसतोड्या आधी हातातला कोयता लांब फेकतो. लोखंड वीज ओढतं, हे शेंबडं पोरही जाणतं. मग भरतोय तो बिल्लाच, म्हणजे किरणं ओढतो तोही बिल्लाच! अंगावर ठेवायचाच कशाला?

"खुंटीला लावा अन् जा आत," तो म्हणाला. "किरणंबी न्हाई, घरीबी जायला नगं."

सात बिल्ले खुंटीवर राहिले. ठेकेदाराच्या माणसानं ते पाहिले आणि पानाची पिंक टाकून पुढं गेला. त्याला सगळं ठाऊक होतं. बिल्ला नुसता मोजतो, ओढत नाही. भीमा आजारी पडल्यावर नगरच्या डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा कुठं जालिंदरला कळलं. तेव्हापासून घास गिळताना त्याला आपलंच ते खुंटीचं वाक्य आठवत होतं. गप्प बसलं तर भीमा दारुडा ठरत होता. बोललं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नव्हती.

"भीमा आत गेल्ता," तो म्हणाला. "रोज. बिल्ला बाहीर हुता. खुंटीला लावा म्हणून म्या सांगितलं."

लंकाबाईनं त्याच्या छातीकडं बोट केलं.

"अन् तुमचा?"

"म्या दारात हुतो. गडी आत सोडायला. माझा छातीवरच हुता."

ती रडली नाही. "लिवा," म्हणाली. "जे बोल्लासा ते समदं. खाली सही करा."

त्यानं लिहिलं. स्वतःचं नाव, गाव, खुंटी, सगळं. तिनं कागद पदरात बांधला. तिला सोडायला म्हणून तो उठला, तशी ती फिरली.

"येऊ नगा, मुकादम. बाकीच्या सहा जणांस्नी सांगितलं का?"

"न्हाई."

"का? ते मरायची वाट बघताय? रगत तपासून तरी घेत्याल."

ती गेली. जालिंदरनं सदरा चढवला. त्या सहांपैकी सगळ्यात जवळ कानिफनाथचं घर होतं. तो अंगणात खाटेचा सुंभ ताणत बसला होता. मुकादमाला पाहून त्यानं तोंडभर हसत खाट पुढं सरकवली.

"या या मुकादम! लई दिसानं उगवला. यंदा कुठं न्यायचं म्हणताय आमाला?"