डालग्याखालच्या सात रात्री

मी बोलतेय ती एक मांजर. मला मनी म्हणतात. अणदूरच्या शिवारात एक पत्र्याचं घर आहे आणि घरापुढे मेंढरांचा वाडा. घर बिभीषणचं. वयाने तो पन्नाशीचा, गावातले लोक त्याला बिभीषणराव म्हणतात. पण मी त्याला अहो-जाहो करणार नाही. का, ते सांगतेच. आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आईने मला सात घरं फिरवली आणि शेवटच्या घरी, म्हणजे इथे, ठेवून जी गेली ती गेलीच. तेव्हा माझे डोळेही नीट उघडले नव्हते. बिभीषणची बायको हरणाबाई. तिने कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून माझ्या तोंडात धरली, म्हणून मी जगले. त्यामुळे या घरात माझं माणूस एकच. बाकीचे इथे राहतात, एवढंच.

माझं काम रात्रीचं. दिवसा ज्वारीच्या कणगीवर झोपायचं आणि दिवे लागले की उठायचं. एक फेरी पत्र्यावरून, एक कणगीच्या मागून, मग वाड्याभोवती. मध्येच थंडी वाजली तर हरणाबाईच्या घोंगड्यात शिरून जरा ऊब घ्यायची, की पुन्हा कामावर. कणगीला भोक नाही, पोत्याला दात लागलेला नाही, हे सगळं आपोआप होतं असं माणसांना वाटतं. वर मलाच म्हणतात, "रातभर हिंडतीया मेली."

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका घुशीमागे मी पत्र्यावर धावत होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवलेले असतात, त्यातला एक माझ्या पायाने सुटला आणि खाली पालथ्या घमेल्यावर आदळला. मेंढरं बुजली. वाघूर, म्हणजे त्यांच्याभोवतीची दोराची जाळी, तोडून चौखूर पळाली. बिभीषण उजाडेपर्यंत त्यांच्यामागे पळत होता. दोन कोकरं ओढ्यात सापडली, धडधाकट. पण याचा पाय मुरगळला तो मुरगळलाच.

"दिस बुडाला की जनावर आपल्या जागंला पायजे," तो ओट्यावर पाय चोळत म्हणाला. "कोकराला डालगं हाय, कुत्र्याला साखळी हाय. हिलाच तेवढी मोकळीक कशाला?"

"आवो, मांजर हाय ते. कोकरू न्हाय," हरणाबाई म्हणाली.

"चार रोज कोंडलं की लागतीया सवय. कोकरं बी आधी वरडत्यातच की."

त्याने खरंच कोकरं झाकायचं बांबूचं डालगं आणलं, मला आत कोंबलं आणि वर धोंडा ठेवला. तोच पत्र्यावरून पडलेला धोंडा. मी ओळखला.

मोनिका, त्यांची मुलगी, धाराशिवला कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आलेली. ती मोबाईलवर वाचून म्हणाली, "अण्णा, मांजराला झोपायची सवय लावायची तर आधी खेळवावं लागतंय, मग पोटभर खायला घालायचं, मग ठरलेल्या जागी निजवायचं. असं दगडाखाली घालून कुणी झोपतंय का?" दुसऱ्या दिवशी तिने सुताचा गोंडा फिरवून मला दमवलं, दूध-भाकरी घातली, डालग्यात मऊ फडकं अंथरलं. पोरगी शहाणी, मला ते आवडलंही. पण बापाचं मन तिला मोडवेना. खेळ झाला, खाणं झालं, की वर धोंडा होताच.

सात रात्री. माझ्या कानाला कणगीमागची खुडबुड ऐकू येत होती आणि मी बांबूच्या कामट्यांना नखं घासत बसले होते. पहिल्या तीन रात्री ओरडले. चौथ्या रात्री गप्प झाले. बिभीषणला वाटलं, सवय लागली. मी तेव्हा शपथ घेत होते. माझ्या रात्री हव्यात ना तुला? घे. आजपासून त्या उंदरांच्या.

सकाळी सुटका झाली की मी दाराबाहेर जाऊन दबा धरून बसायची. तो खांद्यावर काठी टाकून मेंढरं घेऊन निघाला, की नेमकी समोरून आडवी जायची. मग त्याला मागे फिरावं लागे, घोटभर पाणी प्यावं लागे, देवाचं नाव घेऊन परत निघावं लागे. तो निघाला, की मी पुन्हा आडवी. एके दिवशी चार वेळा पाणी प्याला. मेंढरं उन्हात बें-बें करत उभी होती आणि मी शेपटी चाटत बसले.

आठव्या दिवशी हरणाबाईने स्वतः धोंडा उचलला. "आवाज बसलाय तिचा. आता तुमी मला बी कोंडा," एवढंच ती म्हणाली.

मी मोकळी झाले. पण शपथ ती शपथ. रात्रभर मी कणगीवर बसून राहायची आणि उंदीर माझ्यासमोरून जायचे, आधी चोरून, मग लग्नाच्या वरातीसारखे. आढ्याला बिभीषणने लोकरीचं एक पोतं टांगलेलं होतं. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे. मला पोत्यात दात चालल्याचा आवाज यायचा. मी ऐकायची. खरं सांगते, इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

महिन्याभराने चन्नबसप्पा आला. तो घोंगड्या विणतो. बिभीषणने पोतं उतरवून त्याच्यापुढे उघडलं. आत लोकर नव्हती, भुसा होता. आणि त्यात उंदराची सहा लाल पिल्लं वळवळत होती. मी कणगीवरून बघत होते. बिभीषणचा चेहरा बघायला मी महिनाभर उपाशी राहिले असते.

"कुणासाठी होती?" चन्नबसप्पाने विचारलं.

"हिच्यासाठी." हरणाबाईकडे मान वळवून बिभीषण खालीच बसला. "हिचे गुडघे थंडीत धरत्यात. जुन्या घोंगड्याची चाळण झाली. दोन वर्सं कोकरांची पहिल्या कातरणीची काळी-काळी लोकर येचून ठिवली हुती. हिला सांगितलं बी न्हवतं."

हरणाबाई चुलीपाशी होती. तिने नुसता पदर तोंडाला लावला.

आता मला काठी बसणार, म्हणून मी पवित्रा घेतला. निदान कळू तर दे त्याला, हे कुणी केलं ते! तर हा माझ्याकडे बघून म्हणतो, "हिला कोंडली, तवाच उंदरं माजली. चूक माझीच हाय." आणि उठून डालगं कोकरांकडे ठेवून आला. माझा सूड त्याने स्वतःच्या नावावर घेतला. मला काहीच उरलं नाही.

त्याच दुपारी मी उंदरांना धरलं. दोन दिवसांत एक ठेवला नाही. पण मेलेल्या उंदरांनी लोकर परत येत नाही.

त्या रात्री हरणाबाईने भोकांचं घोंगडं पांघरलं, मला उचलून गुडघ्यांवर ठेवलं आणि म्हणाली, "बस गं इथं. तूच माझं घोंगडं." गुडघे गार पडले होते आणि थरथरत होते. पत्रा मला बोलवत होता. मी हलले नाही. तेव्हापासून एकही रात्र हलले नाही. नव्या लोकरीचं पोतं तिच्या उशाशी टांगलंय, ते मी तिथूनच राखते.

आणि बिभीषण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "सात रोज डालग्यात ठिवली बगा. आता रातभर हूं न्हाय की चूं न्हाय." हे ऐकते तेव्हा माझी नखं बाहेर येतात. रोज सकाळी त्याच्या चपलेत मी शिवारातून धरून आणलेल्या एका उंदराचं मुंडकं ठेवते. तो म्हणतो, "मनी इमानी हाय."

पोतं भरायला अजून दीड वर्ष आहे. ज्या रात्री नवं घोंगडं हरणाबाईच्या अंगावर पडेल, त्या रात्री मी पत्र्यावर जाईन आणि बिभीषणच्या बाजेच्या बरोबर वरचा धोंडा खडखडवीन. त्याला सांगायचं असेल तर खुशाल सांगा. फक्त हळू बोला, हरणाबाईचा आत्ताच डोळा लागलाय.