चाफ्यावरचं लुगडं

रंगूबाईंनी पदराआडचा तांब्या हळूच काढला आणि सोनचाफ्याच्या आळ्यात ओतला. मान वर केली, तर पलीकडून सून छाया कळशी घेऊन येत होती. गोठ्याच्या कोपऱ्याशी रंगूबाईंचे यजमान, कोंडाजी, भरलेली बादली घेऊन थबकलेले.

"आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, जळेना का ते झाड?"

"तांब्या धुवायला आले व्हते."

"चाफ्याच्या बुंध्यात?" कोंडाजी हसले.

"तुम्ही बादली कुणाला पाजायला आनली?"

आडगावला छायाच्या माहेरचं अंगण कुंभमेळ्याच्या रस्त्यात गेलं. मागे उरला एवढा चाफाच. तो टेम्पोत घालून तिने मखमलाबादला आणला. 'लोकांच्या सुना फ्रिज आनतात, हिनं खोड आनलं,' असं रंगूबाई चारचौघींत बोलून चुकल्या होत्या. पुढे झाडाची पानं पिवळी पडून गळू लागली. छाया ती ओच्यात वेचायची, पण केरात टाकत नव्हती. हे रंगूबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्यांनी आळ्यातली माती मुठीत दाबली. नुसता लगदा. वास आंबूस.

"तिघांनी मिळून बुडवलं की गं ह्याला!"

भाजीवाल्यांचं घर. इथे माणूस तापला तरी आधी पाणी पाजणार, मग काय झालं ते विचारणार.

"आता मी सांगेपतूर थेंब नाय घालायचा," रंगूबाईंनी फर्मान काढलं. आळं फोडून साचलेल्या पाण्याला वाट दिली, माती भुसभुशीत केली आणि निम्मी पानं खुडायला घेतली. छायाने त्यांचं मनगट धरलं.

"आहेत तेवढी तरी राहू द्या ना, आई."

"मुळं तुटल्यात त्याची. एवढ्या पानांना कुठून पुरवंल? तू आलीस तवा दोन घास जात नव्हते तुला. मी कधी काय बोलले का?"

"रोज बोलत होतात."

"वाढायची तर थांबले नाय ना!"

छायाने मनगट सोडलं. तिला हसू आवरेना.

उन्हाला आडोसा हवा म्हणून रंगूबाईंनी चाफ्यावर बांधायला पेटीतलं हिरवं लुगडं काढलं.

"अगं, एखादं जुनं घे की," कोंडाजी म्हणाले.

"जुनंच हाय. तुमच्यासारखं."

ऊन तापत गेलं. चाफा काटकीसारखा उभा. छाया येता-जाता लुगड्याआड डोकावायची आणि पुन्हा कामाला लागायची.

एका सकाळी मेथी काढायला निघालेल्या रंगूबाई तिथे थांबल्या. शेंड्याला पोपटी टोक फुटलं होतं, सुईएवढं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. इकडे-तिकडे पाहिलं. मग लुगड्याची एक गाठ सोडली आणि वाफ्यात जाऊन चाफ्याकडे पाठ करून बसल्या.

"छाये! त्या लुगड्याची गाठ सुटलीय बघ. बांध जरा."

मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्यांचे कान मागे लागले होते.

"आई! अहो आई, कोंब! लवकर या, बघा ना!"

"काय बघू? चष्मा घरात राहिलाय माझा."

चष्मा नाकावरच होता. त्यांनी तो घाईघाईने काढला, टोपलीतल्या मेथीखाली दडवला आणि मगच उठल्या.