नुसती वाळू

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना गोळा आहे आणि आयुष्यभर मी एकच काम केलं, ते म्हणजे बुडायचं. हसू नका. बुडायलाही कसब लागतं. बूच, लाकूड किंवा रिकामी बाटली यांना ते सात जन्मांत जमायचं नाही.

एका ओताऱ्याने जुन्या नळांचं शिसं वितळवून मला घडवलं. आकार लांबट वांग्यासारखा, वर दोरी ओवायला भोक आणि बुडाला अंगठा मावेल एवढा खळगा. मला न्यायला आलेल्या तरुण मच्छीमाराला सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला हातात तोललं आणि खूश होऊन खांद्यावर टाकलं. घरी त्यांच्या बायकोने मला पाहताक्षणी नाव ठेवलं, जडोबा. ते मला कायमचं चिकटलं.

काम असं होतं. अनोळखी पाण्यात गेलं की अण्णा माझ्या खळग्यात मेण थापायचे आणि मला सोडायचे. दोन्ही हात पसरल्यावर जेवढी लांबी होते तिला वाव म्हणतात. माझ्या दोरीला दर वावेला एक गाठ होती. किती गाठी पाण्यात गेल्या त्यावरून खोली कळायची आणि मेणाला काय चिकटून आलं त्यावरून तळ. कधी राखाडी चिखल, कधी शिंपल्यांचा चुरा. अण्णा ते अंगठ्याने चाचपायचे, नाकाशी धरायचे आणि मग जाळं टाकायचं की नाही ते ठरवायचे. समुद्राचा तळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या वतीने तो मी पाहून यायचो, आणि खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एकदा सकाळी काळ्या खडकामागे त्यांनी मला सोडलं आणि मी चक्क मऊ जागी पडलो. डोळ्यांसमोर सगळं हिरवंगार! लांब पात्यांचं गवत पाण्याबरोबर डुलत होतं. पात्यापात्याआड बोटभर लांबीची माशांची पिल्लं लपली होती. एक समुद्रघोडा पात्याला शेपटीचा विळखा घालून बसला होता. थोड्या अंतरावर एक कासव निवांत चरत होतं. माझ्या धक्क्याने एक पातं तुटलं, त्याचं मला वाईट वाटलं. तेच पातं मेणाला चिकटून वर आलं.

ते पाहून अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "अरे, हे तर माशांचं आजोळ!" ते म्हणाले. पिल्लांनी इथे यायचं, खायचं, लपायचं, बाळसं धरायचं आणि मोठं झालं की समुद्रात निघून जायचं. त्या दिवसापासून अण्णांनी गवतावर कधी नांगर टाकला नाही, कारण नांगर ओढला की गवत मुळासकट उपटून येतं. ते बाहेरच्या कडेला होडी उभी करत आणि गळ टाकून मोजकेच मोठे मासे धरत.

आता आमची चूक सांगतो. चांगली जागा सापडली की मच्छीमार ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. शेजारच्या होडीवाल्याचा आवाज एवढा मोठा होता की त्याला सगळे भोंगा म्हणत. तो लांबून ओरडायचा, "काय लागलं रे तळाला?" अण्णा झटकन अंगठ्याने मेण पुसायचे आणि तितक्याच जोरात सांगायचे, "नुसती वाळू!"

इथवर ठीक होतं. पण पुढे बंदराच्या कचेरीतून मोजणीसाहेब आले. त्यांना खाडीच्या तळाचा नकाशा करायचा होता आणि ज्याने त्याने आपापल्या पाण्याची माहिती द्यायची होती. अण्णांनी माझ्या खळग्यात ताजं मेण भरलं, मला किनाऱ्यावरच्या वाळूत दाबलं आणि साहेबांपुढे धरलं. "बघा साहेब, काळ्या खडकामागे नुसती वाळू." साहेबांनी तसं लिहून घेतलं, अण्णांनी खाली सही केली. त्यांच्या मनात पाप नव्हतं. कागदावर आलं की सगळ्यांची जाळी तिथे येऊन पडतील, हीच त्यांना भीती. पण खोटं ते खोटंच. मला तोंड असतं तर मी बोललो असतो असं म्हणायला सोपं आहे. बहुधा मीही गप्पच बसलो असतो.

मग होडीवर खोली दाखवणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी घरी झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी ठेवलं. वीस वर्षं मी दार अडवून बसलो. अण्णांच्या लेकीची करंगळी माझ्यावर किती वेळा आपटली याची गणतीच नाही. "अण्णा, हा जडोबा हलवा बरं इथून!" असं म्हणत ती मोठी झाली आणि बंदराच्या कचेरीत नकाशे काढायला लागली.

एका दुपारी ती जेवायला घरी आली ती नकाशाची गुंडाळी घेऊनच.

"अण्णा, बंदर खोल करणार आहेत. निघालेला चिखल काळ्या खडकामागे टाकायचं चाललंय. तिथे काही नाही ना, म्हणून."

अण्णांचा घास हातातच राहिला. "काही नाही असं कोण म्हणतं?"

"हा नकाशा म्हणतो. आणि नोंदीखाली तुमचीच सही आहे."

मग अण्णांनी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला. म्हणाली, "परवा बैठक आहे. सगळ्यांसमोर सांगाल?"

"सगळ्यांसमोर? म्हणजे भोंग्यासमोरसुद्धा?"

"चिखल पडला की जागा भोंग्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. त्या पिल्लांना तर नाहीच नाही."

दोन दिवस अण्णा जाळ्याचं एकच भोक शिवत आणि उसवत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उंबऱ्यावरून उचललं.

बैठकीत ते मला हातात धरून उभे राहिले. "मी तेव्हा खोटं बोललो," ते म्हणाले. "तिथे गवत आहे. माशांची पिल्लं तिथे वाढतात. तुमच्या जाळ्यात जे मासे येतात त्यांतले कितीतरी तिथलेच."

भोंगा ताडकन उठला. "म्हणजे इतकी वर्षं मला वाळू वाळू म्हणून उल्लू बनवलंस?"

अण्णांनी मान खाली घातली. बैठक घेणाऱ्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता, हे आम्ही कसं ठरवायचं?"

अण्णांनी मला टेबलावर ठेवलं. "हा ठरवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्याच होडीतून सगळे निघाले. लेकीने माझ्यात मेण भरलं. मी बुडालो, वर आलो. वाळू. पुन्हा बुडालो. वाळूच! भोंग्याने बाईंकडे पाहिलं. माझा जीव खालीवर होत होता. वीस वर्षांत गवत गेलं तर नसेल? मग तर आम्ही जन्मभराचे खोटारडे ठरणार होतो.

"अजून खडकाकडे घ्या," अण्णा कसेबसे म्हणाले.

तिसऱ्यांदा मी मऊ जागी पडलो. वर आलो तेव्हा मेणात एक हिरवं पातं होतं आणि त्यावर मोहरीएवढी अंडी ओळीने चिकटलेली होती. भोंग्याने ती जवळून पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "अरे, हे परत पाण्यात सोडा आधी."

चिखलाची जागा बदलली. खडकापासून पिवळ्या तरंगत्या खुणेपर्यंत कोणी जाळं टाकायचं नाही आणि नांगरही टाकायचा नाही असं ठरलं. अण्णांचा गळही त्या दिवसापासून बंद झाला. काही लोक कुरकुरले, भोंगा वर्षभर अण्णांशी बोलला नाही.

आता मी लेकीच्या टेबलावर नव्या नकाशाचा कोपरा दाबून बसतो. तुमच्यासारखी मुलं येतात, मला उचलून पाहतात. मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. एखाद्या जागेवर 'इथे काही नाही' असं लिहिलेलं दिसलं, तर ते खरं मानण्याआधी कोणीतरी खाली जाऊन पाहिलंय का, हे विचारा. ज्यांना बोलता येत नाही, त्यांची घरं अशाच ओळींखाली गाडली जातात.

वर्षातून एकदा लेक मला आणि अण्णांना खडकामागे नेते. आता अण्णांना नीट दिसत नाही, ते मेण अंगठ्यानेच वाचतात. या वर्षी मी वर आलो तेवढ्यात लांबून भोंग्याची होडी चालली होती.

"काय लागलं रे तळाला?"

अण्णांचा अंगठा जुन्या सवयीने मेण पुसायला निघाला आणि थांबला. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि साऱ्या खाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "गवत! अजून आहे रे, गवत आहे!"