तबकडीची पुडी

माझ्या धाकट्या भावाच्या बँडचं नाव ‘उशीर’. हे नाव आपण खूप विचार करून ठेवलं, असं ते सांगतात. माझा अंदाज असा की ते कुणीतरी वैतागून ठेवलं आणि चिकटलं. बँडमध्ये तिघं. भाऊ ड्रम वाजवतो. गिटार वाजवणाऱ्या मुलीला सगळे ‘चष्मा’ म्हणतात, कारण दर आठवड्याला ती तो कुठेतरी विसरून येते. आणि गाणारा लांबू. उंची सहा फूट दोन इंच, आवाज खरंच चांगला, आणि ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर, ‘आलोच.’

म्हणून त्यांच्या पहिल्या तबकडीचं नावही ‘आलोच’. आठ गाणी, चार वर्षं. हत्तीणीलासुद्धा दोन वर्षं पुरतात.

मी खोकी करते. म्हणजे औषधाचं, साबणाचं, टूथपेस्टचं खोकं कुठे दुमडायचं, कुठे चिकटवायचं आणि गिऱ्हाइकाचं नख न तुटता ते कसं उघडायचं, हे ठरवणं माझं काम. माझी सगळी कारकीर्द लोकांच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. माझ्या कामाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. त्यामुळे एक दिवस भाऊ साबणाचं खोकं हातात घेऊन, “ताई, काय सुंदर दुमडलंयस गं,” म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की गळ टाकलाय.

“किती दिवसांत हवंय?” मी विचारलं.

“काय?”

“जे काय मागायला आलायस ते.”

त्यांना तबकडीचं कव्हर हवं होतं. साधं नको, लोकांनी जपून ठेवावं असं. मी तिघांना शनिवारी चारला माझ्या कामाच्या खोलीवर बोलावलं. पावणेसहाला आले. चष्मा म्हणाली, तबकडी सिमेंटच्या ठोकळ्यात घालू. भाऊ म्हणाला, बर्फाच्या लादीत.

“आणि बर्फ वितळल्यावर?”

“वितळल्यावरच ऐकायचं ना, ताई. तीच तर कल्पना आहे.”

लांबू इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. गंभीर आवाजात म्हणाला, “काळं कव्हर. मधोमध एक थांबलेलं घड्याळ.”

“वा,” मी म्हटलं, “हे अजून कुणालाच सुचलं नसेल.”

तो दुखावला. मग मी विचारलं, ही तबकडी लावायचं यंत्र तुमच्यापैकी कुणाकडे आहे? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाकडेच नव्हतं.

शेवटी घड्याळावर तडजोड झाली, पण खऱ्या घड्याळावर, कंप्युटरवर काढलेल्या नाही. तेवढ्यात भाऊ बोलून गेला, “लांबूच्या बाबांचं दुकानच आहे की घड्याळदुरुस्तीचं.” लांबूचा चेहरा पडला. “त्यांना यात आणायचं नाही,” तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

कारण मला नंतर भावाने सांगितलं. बँडचा पहिला कार्यक्रम होता, तिकिटावर वेळ सातची. बाबा पावणेसातला येऊन दुसऱ्या रांगेत बसले. सव्वाआठपर्यंत बसले. मग मनगटाकडे पाहिलं, तिकिटाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी गेले. बँड मंचावर आला नवाला दहा कमी असताना. तेव्हापासून बापलेकांत बोलणं चालू होतं, पण ‘मीठ दे’ आणि ‘दिवा बंद कर’ एवढंच.

‘आणायचं नाही’ म्हटल्यावर मी सोमवारीच त्यांच्या दुकानात गेले. थोरल्या बहिणीला एवढा हक्क असतो.

दुकान अरुंद, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाला चिकटून. समोरच्या भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं, आणि सगळ्यांत वेळ एकच. काउंटरमागे कपाळावर भिंग चढवलेले एक बुटके गृहस्थ बसले होते. लांबू ही उंची कुणाकडून घेऊन आला, देव जाणे.

“काका, मला एक बंद घड्याळ हवंय,” मी म्हटलं. “फोटो काढायला.”

“बंद घड्याळ? डॉक्टरकडे जाऊन आजार उसना मागतेस काय?”

मग मी कशासाठी हवंय ते सांगितलं. काकांनी भिंग खाली ओढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाच एखादा स्क्रू ढिला आहे.

“अच्छा. त्या उशीरवाल्यांची तू.”

“ड्रमवाल्याची बहीण.”

“तो फार घाईत असतो. ते जिन्याचं गाणं आहे ना त्यांचं, त्यात शेवटी पुढे पळतो. मी स्टॉपवॉच लावून बघितलं. नाव उशीर, आणि ढोल घाईत!”

“म्हणजे तुम्ही ऐकता त्यांची गाणी?”

“कान आहेत. पडतं कानावर.” स्टॉपवॉच कसं लागलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. चिमट्याने राईएवढा एक स्क्रू उचलला, खाकी कागदाच्या चौकोनावर ठेवला, आणि कागद असा, तसा, परत असा दुमडत नेला. शेवटचं टोक आतल्या खाचेत सारलं. पुडी तयार. ती उलटी करून हलवली. काही पडलं नाही. गोंद नाही, चिकटपट्टी नाही, टाचणी नाही. दहा वर्षं मी गोंदाशी झगडते आहे, आणि हा माणूस सात घड्यांत मला निकालात काढून मोकळा झाला.

“काका, परत एकदा दाखवा.”

त्यांनी दाखवलं. पुडीवर एक रबरी शिक्का मारला. त्यात तीन रकाने होते: वस्तू, दोष, कबूल तारीख. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘मनगटी, बायकांचं. दोष: मागे पडतं.’

फोटो काढायचं मी विसरूनच गेले. कव्हर मला मिळालं होतं.

पण राईएवढ्या स्क्रूची पुडी वेगळी आणि फूटभर व्यासाच्या तबकडीची वेगळी. दोन आठवडे मी कागद फाडत बसले. जाड घेतला तर दुमडेना, पातळ घेतला तर खाच फाटे. शेवटी नमुना घेऊन काकांकडे गेले. त्यांनी कागद कानाशी नेऊन वाकवला. “कागदाची नस आडवी घेतलीस. नसेच्या विरुद्ध दुमडलं की कागद कुरकुरतो. माणसासारखाच.” नस म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा; हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी मान खाली घालून परत आले, आणि तिसऱ्या दिवशी पुडी जमली.

बँडसमोर ती ठेवली. एक मोठा खाकी कागद, सात घड्या, आत तबकडी. वर शिक्का: ‘वस्तू: बँड, एक. दोष: मागे पडतो.’ खाली आठ गाण्यांची नावं, दुरुस्तीच्या यादीसारखी. चष्माने ती उलटी करून जोरजोरात हलवली, तबकडी पडली नाही, तशी ती म्हणाली, “मला हेच हवं.” भाऊ म्हणाला, बर्फाइतकं भारी नाही, पण चालेल.

लांबूने मात्र शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “ताई, मी नको म्हटलं होतं.”

“तू वेळेवर यायलाही नको म्हणतोस. तुझं किती ऐकायचं?”

त्याने पुडी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, “ठीक आहे. पण तारीख कोरी ठेवायची.”

हे मी काकांच्या कानावर घातलं. काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. “कोऱ्या तारखेची पुडी या दुकानातून आजवर गेलेली नाही. शिक्का हवा असेल तर तारीख लिहा. आणि लिहिली की पाळा.” दोघांच्या मधे निरोप्या मी. अखेर तारीख लिहिली गेली, बरोबर पाच आठवड्यांनंतरची. भावाने ती वाचली आणि त्याला उचकी लागली.

तीनशे कागद छापून आले. ही घडी कुठलंच यंत्र घालत नाही, हातानेच घालायची. काकांनी फर्मान काढलं: रविवार, सकाळी नऊ, दुकान बंद असतं तेव्हा. मी भावाला जवळजवळ कान धरून नऊला पाच कमी असताना हजर केलं. चष्मा पाच मिनिटं उशिरा आली, चष्म्याशिवाय. लांबू वीस मिनिटांनी.

“तू आणि काका एकाच घरातून निघालात ना?” मी लांबूला विचारलं.

“हो, पण बाबा चालत आले.”

“आणि तू?”

“मी पण चालतच.”

“पाय तर तुझे लांब,” काका कागद मोजत म्हणाले. त्या दिवशी मिठाच्या पलीकडे गेलेलं ते पहिलं वाक्य.

काका मास्तर म्हणून भयंकर होते. आम्ही केलेली प्रत्येक पुडी ते हातात घेत, एक टोक ओढत, आणि ती उलगडली की परत पुढ्यात टाकत. “ही पुडी नाही, हा चोळामोळा आहे.” भावाच्या ओळीने सतरा परत आल्या. अठरावी टिकली, तेव्हा त्याने कार्यक्रमातही वाकत नाही इतका वाकून नमस्कार केला.

चष्माला मात्र शेवटचं टोक जमेना. “बघ, असं,” म्हणत काकांनी तिचा कागद घेतला. टोक खाचेपाशी नेलं. ते आत गेलं नाही. पुन्हा नेलं. बोटं थरथरत होती. तिसऱ्यांदा कागदच निसटला.

“उजेड कमी आहे,” ते म्हणाले.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आम्ही सगळे भिंतीवरची घड्याळं बघू लागलो, जणू वेळच बघायची होती.

लांबू घडीवर दाब द्यायला पट्टी शोधत होता. त्याने काउंटरखालचा एक खण ओढला. आत पट्टी नव्हती. छोट्या छोट्या पुड्या होत्या, ओळीने लावलेल्या. त्याने एक उचलून वाचली. मग दुसरी. मग तिसरी.

“बाबा, हिची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे.” काकांनी निसटलेला कागद उचलला. “हिची तर त्याच्याही आधीची.”

चाळीसेक तरी असतील. वेळेवरूनच ज्याच्याशी बाबांनी बोलणं मिठापुरतं ठेवलं होतं, त्याच्या हातात आयतं कोलीत आलं होतं. भावाने तोंड उघडलं, तसा मी त्याचा पाय दाबला. लांबूने मात्र तिन्ही पुड्या जिथल्या तिथे ठेवल्या, ओळ सरळ केली.

“बारीक मशीन हातात धरवत नाही आता,” काका कागदाकडे बघत म्हणाले. “भिंतीवरची होतात. मनगटी राहतात. लोकांना सांगतो, पार्ट यायचाय, दोन दिवसांत होईल.”



“म्हणजे थोडक्यात,” लांबू हळूच म्हणाला, “तुम्ही ‘आलोच’ म्हणता.”

काकांनी भिंगाखालून मुलाकडे पाहिलं, आणि शिंक यावी तसा एक आवाज काढला. ते हसू होतं हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला.

“हो रे बाबा,” ते म्हणाले. “आलोच म्हणतो.”

लांबूने स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं. “चिमटा मी धरतो. काय करायचं ते तुम्ही सांगा.”

“या काठ्यांसारख्या बोटांनी?”

“लांब आहेत. पोचतील तरी.”

“आधी हे तीनशे संपव,” काका म्हणाले, पण चिमटा त्यांनी खणातून काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

चार रविवार लागले. तबकडी लिहिल्या तारखेला बाहेर आली. त्या संध्याकाळचा कार्यक्रम सातला होता आणि सातला सुरू झाला, त्यामुळे फार गोंधळ उडाला. बँडला ओळखून असलेले निम्मे लोक आठला आले, तोवर सात गाणी झाली होती. काका पहिल्यापासून होते. जिन्याच्या गाण्यात भाऊ पुन्हा पुढे पळाला. दुसऱ्या रांगेतून एक बोट वर गेलं, तसा तो जागेवर आला.

खरी गंमत नंतर झाली. पुडी सोडायला काय, कुणीही सोडतं. ती परत बांधता येईना. लोकांचे बँडला फोन येऊ लागले. काहीजण पत्ता काढत थेट दुकानात येऊ लागले, हातात विस्कटलेला खाकी कागद आणि चेहऱ्यावर अपराधी भाव. काका त्यांना बाकावर बसवतात आणि स्वतः घडी घालून देत नाहीत, शिकवतात. एक गृहस्थ तर दोनदा नापास होऊन गेले.

लांबू आता रोज सकाळी दुकानात असतो. पहिले पंधरा दिवस त्याने स्क्रू जमिनीवर पाडण्याचंच काम केलं. काका म्हणायचे, “श्वास रोखू नकोस, गाताना घेतोस तसा घे.” मी एकदा गेले, तेव्हा त्याने एकट्याने बसवलेलं पहिलं घड्याळ न्यायला एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या. त्यांनी ते मनगटावर बांधलं, भिंतीवरच्या घड्याळांशी एकदा ताडून पाहिलं, पर्स उचलली आणि चालू लागल्या.

लांबू दाराकडे बघतच राहिला. “काहीच बोलल्या नाहीत, बाबा.”

“घड्याळ चालतंय, म्हणून नाही बोलल्या,” काका म्हणाले. “आपल्या धंद्यात टाळ्या नसतात. घे, पुढची पुडी उघड.”